वाडीत पडलेली झाडं आणि भाड्याचा चेनसॉ: स्वतः चालवावा का?

पाखाडीवरचा | २८ मे २०२५, रात्री ९:४०

२४ तारखेला ते डिप्रेशन (समुद्रातला कमी दाबाचा पट्टा) रत्नागिरी-दापोलीच्या मधून किनाऱ्यावर चढलं. आमच्या वाडीने त्याच्या आदल्या रात्रीच अंग टाकलं होतं. एक जुना रायवळ आंबा मुळासकट उपटून गडग्यावर (दगडी कुंपणावर) आडवा झालाय, दोन माड गेलेत आणि सात-आठ पोफळी मोडल्यात. घरी आई आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे काका. गावातला कटरवाला म्हणतो दहा दिवस तरी फिरकणार नाही, सगळीकडून बोलावणी आहेत. पाऊस तर सुरू झालाच.

तालुक्याच्या बाजारात एक दुकानदार चेनसॉ (साखळीची पेट्रोल करवत) भाड्याने देतो. दिवसाचे ८०० रुपये, अनामत ५०००, पेट्रोल-ऑइल आपलं. मी पुण्याहून चार दिवसांची रजा टाकून जातोय. हातात ड्रिल मशीनपलीकडे काही धरलेलं नाही. सहा-सात व्हिडिओ पाहिलेत, त्यात तर लोणी कापल्यासारखं कापतात. एका दिवसात शिकून हे काम होईल का? कोणी केलंय?

---

कट्ट्यावरचा | ९:५२

व्हिडिओत लोणी दिसतं ते लाकूड नीट मांडून ठेवलेलं असतं म्हणून. वादळाने पाडलेलं झाड मांडून ठेवलेलं नसतं.

---

अनुस्वार | ९:५८

काकांना मशीनजवळ जाऊ देऊ नका. चौऱ्याहत्तरच्या काकांना "तुम्ही बसा" म्हटलं की ते हमखास कोयता घेऊन उठतात. स्वानुभव.

---

टू_स्ट्रोक | १०:२०

माझं शेती अवजारांचं रिपेअरिंग आहे, कोल्हापूर जिल्ह्यात. भाड्याचं मशीन घेताना दुकानातच चालू करून बघा, घरी नेऊन नको. ॲक्सिलरेटर सोडल्यावर साखळी थांबली पाहिजे. फिरत राहिली तर तिथेच ठेवून या. पुढच्या हँडलच्या पुढे एक आडवी दांडी असते, तो चेन ब्रेक. तो पुढे ढकलला की साखळी जागच्या जागी अडकली पाहिजे. भाड्याच्या निम्म्या मशीनांना ही दांडी तुटलेली असते आणि "ती लागत नाही" असं सांगतात. तीच लागते. मग बारचं, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं, टोक एखाद्या कागदावर धरून थोडा रेस द्या, कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर साखळी कोरडी चालतेय, तासाभरात बार निळा पडेल आणि तुमची अनामत गेली.

पेट्रोलात टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल किती ते त्या मशीनच्या मालकाला विचारा. चांगल्या कंपनीच्या मशीनला लिटरला २० मिली असतं. बाजारात ५८ सीसीची स्वस्त मशीनं आलीत, त्यांना बरेच जण ४० मिली घालायला सांगतात. नुसतं पेट्रोल ओतलं तर पिस्टन धरणार (जाम होणार), मग अनामतीवर भागणार नाही.

---

चिरेबंदी | १०:३१

आणि आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. ते हवेतलं पाणी ओढतं. मिश्रण करून महिनाभर ठेवलं की कार्बुरेटरची वाट. रोज लागेल तेवढंच मिसळा.

---

पाखाडीवरचा | १०:४४

@टू_स्ट्रोक, धन्यवाद. साखळीला धार आहे की नाही हे माझ्यासारख्याला कसं कळणार?

---

टू_स्ट्रोक | १०:५०

खाली काय पडतंय ते बघा. ढलप्या पडल्या तर धार आहे. पीठ पडलं तर बोथट. पीठ पडायला लागलं की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की घसरतं. आणि माड कापणार असाल तर धार लवकर जाईल हे धरूनच चला. माडाच्या खोडात वाळूसारखे कण असतात, वर त्याचा काथ्या साखळीच्या कव्हरमध्ये गच्च बसतो. दर थोड्या वेळाने मशीन बंद करून तो काढावा लागतो. बंद करून.

---

मावशीबोलतेय | ११:०५

माझ्या भावाचं सांगते. निसर्ग वादळानंतर, म्हणजे जून २०२०. मुरूडजवळ आमचं आगर. तोही असाच मुंबईहून आला, असंच मशीन आणलं. पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, "एवढी एक फांदी कापतो आणि चहाला येतो" म्हणाला. बारचं टोक मागच्या फांदीला लागलं आणि मशीन उडून खांद्यावर आलं. २२ टाके. साखळी गळ्यापासून चार बोटं लांब होती. मशीन वाईट नव्हतं, भाऊही येडा नव्हता. दमला होता, एवढंच.

त्या दिवसापासून आमच्याकडे चहा आधी होतो.

---

लोटेवाला | ११:३०

मावशींनी सांगितलं त्याला किकबॅक म्हणतात. मी कारखान्यात सेफ्टीला आहे, चेनसॉ माझा विषय नाही, पण मागच्या वर्षी कंपनीच्या आवारातली झाडं काढायला माणसं आली तेव्हा मला हे वाचावं लागलं. बारच्या नाकाचा वरचा पाव भाग, तिथे साखळी वळते. तो भाग लाकडाला लागला की दात रुततो, साखळी अडते आणि तिची सगळी ताकद बारला वर आणि मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे फेकते. पापणी लवायच्या आत. तुम्ही हात आवराल असं समजू नका, आवरणार नाही. म्हणून डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून गुंडाळलेला हवा, मशीन खांद्याच्या वर कधीच नको, शिडीवर चढून तर नकोच नको, आणि डोकं बारच्या रेषेत न ठेवता थोडं डावीकडे.

आता मला एक सांगा. @पाखाडीवरचा, त्या आंब्याखाली विजेची वायर आहे का?

---

पाखाडीवरचा | ११:४१

आहे. घराची सर्व्हिस वायर फांद्यांत अडकून खाली आलीय. पण लाइट २४ पासून गेलेलीच आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

---

लोटेवाला | ११:४३

तोच प्रश्न आहे. लाइट गेलीय आणि वायर मेलीय या दोन वेगळ्या गोष्टी. शेजारी कोणाचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल तर उलटा प्रवाह येतो. महावितरणवाले फ्यूज बसवतील ते तुम्हाला विचारून बसवणार नाहीत. १९१२ वर तक्रार नोंदवा, वायरमन येऊन वायर सोडवून गेल्याशिवाय त्या झाडाला कोयताही लावू नका. ओल्या जमिनीवर पडलेल्या वायरच्या आसपास आईंनाही फिरू देऊ नका.

---

कट्ट्यावरचा | ११:४७

धागाकर्ते एकेक माहिती चिमटीने सोडतायत. अजून काय आहे झाडाखाली? विहीर? बैल?

---

पाखाडीवरचा | ११:५५

शेजाऱ्यांचं गोबर गॅसचं टाकं. पण ते रिकामं आहे.

---

कट्ट्यावरचा | ११:५६

🙏

---

गडगा_ओलांडून | २९ मे, सकाळी ७:१५

सगळे मशीनवर बोलतायत. कापायच्या आधी फोटो काढलेत का? पंचनामा झाल्याशिवाय एक फांदी हलवू नका, नाहीतर नुकसानभरपाईला काय दाखवणार? तलाठी (आता त्यांचं पद "ग्राम महसूल अधिकारी" झालंय, पण आमच्याकडे अजून तात्याच) आणि कृषी सहायक येऊन झाडं मोजून जाऊ देत. निसर्गच्या वेळी आमच्या शेजाऱ्याने उत्साहाने दोन दिवसांत वाडी लख्ख केली. तात्या आले तर मोजायला बुंधेसुद्धा नव्हते.

आणखी एक, आंबा आणि फणस ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं. पडलेलं उचलायला कोणी अडवत नाही, पण लाकूड टेम्पोत घालून बाहेर न्यायचं असेल तर वाहतूक परवाना लागतो का ते वनखात्यात आधी विचारा. नाक्यावर विचारायची वेळ येऊ देऊ नका.

---

मांडवीकर | ७:५०

अवांतर: आमच्या गोव्यात २०१६ साली माड हे झाडच नाही असं ठरवलं होतं. कायद्यातून काढला, मग तोडायला परवानगी नको. लोकांनी आरडाओरडा केला, २०१७ मध्ये माड परत झाड झाला. वर्षभर आमचे माड काय होते हे मला अजून कळलेलं नाही.

---

अनुस्वार | ७:५८

@मांडवीकर, वनस्पतिशास्त्राला विचारलंत तर तो गवताचा लांबचा भाऊ निघेल. म्हणून ग्रासकटरनेच कापा.

---

टू_स्ट्रोक | ८:०५

अनुस्वार, असले विनोद करू नका, कोणीतरी करेल. ग्रासकटरला लाकूड कापायची गोल पाती लावणारे लोक मी पाहिलेत. चिऱ्याच्या गडग्याला पातं लागलं तर त्याचा तुकडा गोळीसारखा जातो.

---

कुडाळी | ९:३०

मी भाड्याने देणारा. दुसऱ्या बाजूने पण ऐका की. मी मशीन एकटं देत नाही, माणूस बरोबर देतो. माका सांगा, माणूस बरोबर नसलो तर मशीन कोण सांभाळतलो? २०२१ ला तौक्ते वादळाच्या वेळी तीन मशीनं नुसती दिली होती. एक नुसत्या पेट्रोलवर चालवून धरलं, एकाचा बार वाकवून आणला, तिसऱ्याने साखळी उलटी बसवली आणि "कापत नाही, पैसे परत द्या" म्हणून भांडला. माझा माणूस बारा वर्षं हेच करतोय. तुमची चार दिवसांची रजा त्याच्या दोन तासांत होते.

आणि लोक सांगतात ते हेल्मेट, जाळी, चॅप्स (साखळीपासून पाय वाचवणारं जाड आवरण) वगैरे ठीक आहे हो. ३५ डिग्रीत, ह्या दमटात, जाड पँट घालून कोण काम करतो? माझ्या माणसाने बारा वर्षांत घातलेली नाही.

---

रॅलेकर | ९:५५ (इथे रात्रीचे १२:२५)

इथे नॉर्थ कॅरोलायनात उलटं. मशीन कोणत्याही रेंटल काउंटरवर मिळतं, चार तासांचं किंवा दिवसाचं भाडं, एका कागदावर सही की "काही झालं तर माझं मी बघीन". माणूस मात्र परवडत नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळाने ॲशव्हिलकडचा डोंगर आडवा केला, तेव्हा आम्ही काही जण शनिवार-रविवार मदतीला गेलो होतो. मला मशीन दिलंच नाही. "तू फांद्या ओढ" म्हणाले. आधी राग आला, दुसऱ्या दिवशी समजलं की ओढणाऱ्यालाही दहा गोष्टी कळाव्या लागतात. चिपरमध्ये (फांद्यांचा चुरा करणाऱ्या मशीनमध्ये) फांदी पायाने ढकलायची नाही, सैल बाहीचे हातमोजे नकोत, फांदी सोडून बाजूला व्हायचं, धरून ठेवायचं नाही. बुंधा जमिनीतून खरवडायचं मशीन आणायचं तर आधी ८११ ला फोन, ते येऊन जमिनीतल्या गॅस आणि केबलवर रंगाने खुणा करून जातात.

थोडक्यात काय, इथे मशीन स्वस्त आणि माणूस महाग. तुमच्याकडे माणूस मिळतोय तर घ्या.

---

मावशीबोलतेय | १०:१०

माणूस स्वस्त म्हणून त्याचा पाय पण स्वस्त का? आमच्या भावानंतर आम्ही माणूसच लावतो. तो येतो लुंगीत आणि स्लिपरमध्ये. बारा वर्षांत काही झालं नाही हे कुडाळी सांगतात ते खरंच असेल. माझ्या भावालाही पहिले दोन दिवस काही झालं नव्हतं.

---

कुडाळी | १०:४०

मावशी, बरोबर बोललात. पण बूट घेऊन दिले तर तो विकून टाकतो, हे पण खरं.

---

लोटेवाला | ११:२०

चॅप्सचं सांगतो. त्यांच्या आत लांब धागे असतात. साखळी कापडाला लागली की ते धागे बाहेर ओढले जातात, स्प्रॉकेटला (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) गुंडाळतात आणि साखळी बंद पाडतात. जाड जीन्सला हे जमत नाही. आपल्याकडे त्या सहज मिळत नाहीत आणि घामाचं कुडाळी म्हणतात ते खरं आहे. पण जाळीवालं हेल्मेट आणि कानावरचं आवरण तरी घ्या. भुसा डोळ्यात गेला की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे एक हात सोडतो.

आता मूळ मुद्दा, जो अजून कोणी मांडला नाही. उपटलेलं झाड. मुळांचा गड्डा उभा आणि खोड आडवं, असं आहे ना तुमचं? खोड कापून गड्ड्यापासून वेगळं झालं की त्या गड्ड्यावरचं वजन जातं आणि तो कधीकधी धाडकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात, कोंबड्या उकरत असतात, काका मुळं तोडत बसलेले असतात. कापताना त्या खड्ड्याजवळ कोणी म्हणजे कोणी नको.

गडग्यावर टेकलेल्या खोडाचंही तसंच. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये पोकळी, तर वरची बाजू दाबात असते आणि खालची ताणात. वरूनच कापत गेलात तर बार चिमटीत सापडतो. आधी वरून साधारण एक तृतीयांश, मग उरलेलं खालून. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत, तर बरोबर उलटं, आधी खालून थोडं, मग वरून. वाकून अडकलेल्या बारीक फांद्या सर्वांत वाईट. मनगटाएवढी फांदी सुटली की काठीसारखी बसते.

---

चिरेबंदी | ११:३५

ओंडक्याखाली हात घालायच्या आधी काठीने हलवा. पावसाच्या सुरुवातीला फुरसं असल्याच जागी बसतं. चेनसॉने मेलेला माणूस मी पाहिलेला नाही, फुरसं चावलेला पाहिलाय.

---

मांडवीकर | ११:४२

आणि आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी. मशीन चालू असताना मानेत दहा मुंग्या गेल्या की किकबॅकचे सगळे नियम विसरतात.

---

आडगावकर | दुपारी १:०५

एवढं सगळं वाचून मी माझ्या बाल्कनीतली तुळस कापायचीसुद्धा रद्द केली.

---

पाखाडीवरचा | ३ जून, रात्री १०:१५

आलो परत. फोटो टाकत नाही, आई म्हणते वाडीचे असे फोटो लोकांना दाखवू नये.

क्रमाने सांगतो. वायरमन ३० तारखेला आला, वायर सोडवली, खांबावरून तोडूनच टाकली. तो सांगत होता, पुढच्या वाडीत इन्व्हर्टरची जोडणी खरंच उलटी होती. हे ऐकून मी पायरीवर बसलो, कारण काकांनी माझ्या आधीच त्या वायरला काठीने बाजूला केलं होतं. सुकी काठी होती म्हणतात. तात्या ३१ ला आले, मोजून गेले.

मशीन मी भाड्याने आणलंच. खरं सांगतो, मोह आवरला नाही. दुकानात चालू करून बघितलं तर पहिल्या मशीनची साखळी रेस सोडल्यावरही फिरत होती. दुकानदार म्हणाला, "तेवढं चालतं." दुसरं मागितलं, कुरकुरत दिलं. त्याला ब्रेक होता. जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये पाय घालून, ब्रेक लावून चालू केलं. एकदा चालू झालं की पोटात गोळा येतो, हे कुठल्याच व्हिडिओत कळत नाही.

मी फक्त पोफळी कापल्या, ज्या सपाट जमिनीवर मोकळ्या पडल्या होत्या. सात. त्याला अख्खा दिवस लागला. तीन वाजता हाताला मुंग्या आल्या, मशीन ठेवल्यावरही हात थरथरत होता. मावशींचा चहा आठवला आणि बंद केलं.

आंबा आणि माड कटरवाल्याने कापले. दहा दिवस म्हणाला होता, काकांनी त्याच्या सासऱ्यांना फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी आला. मी त्याच्यासाठी जाळीचं हेल्मेट आणि गमबूट आणून ठेवले होते. हेल्मेट त्याने घातलं, आवडलं, मागून घेतलं. गमबूट दहा मिनिटांत काढले, ओल्या चिऱ्यावर घसरतात म्हणाला. अनवाणी कापला आंबा. मी काही बोलू शकलो नाही, कारण खरंच घसरत होते, मी स्वतः दोनदा पडलो.

आणि @लोटेवाला, तो गड्डा. त्याने खोड कापायच्या आधी काही न बोलता गड्ड्याला दोन खुंट्या मारून दोर बांधला आणि सगळ्यांना पडवीत हाकललं. शेवटचा काप झाला आणि गड्डा हातभर उठून बसला, दोर ताणला. त्याला हे कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, "एकदा बघितलंय." पुढे काही बोलला नाही.

---

मावशीबोलतेय | १०:३०

तुझ्या हातापायांना काही लागलं का ते सांग आधी.

---

पाखाडीवरचा | १०:३४

नडगीवर एक फांदी बसली. मशीनची नव्हे, मी हाताने ओढत होतो ती. सुटली आणि बसली, मनगटाएवढी. लोटेवाल्यांनी लिहिलेलं अक्षरशः आठवलं, पण बसल्यावर.

---

कुडाळी | १०:५०

त्या गड्याला सुळे असलेले बूट मिळतात ते सांगा, खेळाडू घालतात तसले. माझा माणूस ते विकत नाही, घालतो. परवाच कळलं मला.

---

रॅलेकर | ११:०२

दोर बांधला हे वाचून बरं वाटलं. आम्ही ॲशव्हिलला ट्रकच्या विंचने बांधायचो, तेवढाच फरक.

---

पाखाडीवरचा | ११:१०

एक शेवटचा प्रश्न. टू-टी मिसळलेलं पेट्रोल दीडेक लिटर उरलंय, मशीन तर परत केलं. फेकायचं कसं? विहीर जवळ आहे.

---

टू_स्ट्रोक | ११:१८

फेकू नका. गावात कोणाकडे तरी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर असेलच.

---

पाखाडीवरचा | ११:२५

आहे. काकांचीच. पण मग ते उद्या बाजारात जातील आणि चेनसॉ घेऊन येतील.